पडदा रंगवणारे हात : बाबूराव पेंटर आणि कोल्हापूरच्या रात्री

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. ‘पेंटर’ हे त्यांचे आडनाव नव्हते. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता ते नावामागे लागले, आणि इतके पक्के बसले की मूळ आडनाव मागे पडले. मराठी चित्रपट, प्रभात कंपनी, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आणि भिंतींवरची सिनेमाची पोस्टरे यांची मुळे शोधत मागे गेले, तर वाट बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी जमिनीवर अंथरलेल्या एका मोठ्या कापडापाशी येऊन पोचते. ते कापड नाटकाच्या पडद्याचे होते. या दोन भावांची चित्रकला ना देवघरासाठी होती ना दरबारासाठी. रात्री तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकासाठी होती. चित्रकाराचा आश्रयदाता असा बदलला, तेव्हा त्याचे साहित्य बदलले, प्रकाशाकडे पाहण्याची रीत बदलली आणि शेवटी त्याच्या हातातले हत्यारच बदलले.

कारागिराचे घर, कलावंतांचे गाव

बाबूरावांचे वडील कृष्णराव मेस्त्री हे लोखंड, लाकूड आणि रंग या तिन्हींत हात असलेले कारागीर होते. घरात ऐरण, रंधा आणि कुंचला जवळजवळ नांदत. मूर्ती घडवणे, चौकट जोडणे, चित्र काढणे ही वेगवेगळी शास्त्रे आहेत असे त्या घरातल्या मुलांना कोणी शिकवले नाही. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून चालू होते. तिथे शिकलेले चित्रकार पाश्चात्त्य वास्तववादी शैलीत तरबेज होऊन बाहेर पडत. मेस्त्री बंधू त्या वाटेने गेले नाहीत. छायाप्रकाश, मानवी शरीराची ठेवण आणि यथार्थदर्शन ते पाहून, नक्कल करून आणि चुकून शिकले.

गावही असे की शिकण्यासारखे पुष्कळ होते. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले. त्यांच्या काळात गायक, मल्ल, चित्रकार आणि नट यांना कोल्हापुरात मान आणि पोटापाण्याची सोय मिळू लागली. अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे इथेच रुजले. जे. जे.मध्ये शिकलेले आबालाल रहिमान इथेच राहून निसर्गचित्रे काढत होते. खासबाग कुस्तीचे मैदान झाले आणि त्याच्याच शेजारी पॅलेस थिएटर उभे राहिले, जे पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले गेले. कोल्हापूरचे ‘कलापूर’ झाले ते अशा एकमेकांना लागून असलेल्या आखाड्यांमुळे.

रात्रीचा मोठा धंदा

त्या काळी शहरी करमणुकीचा सर्वांत मोठा धंदा संगीत नाटकाचा होता. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा रंगभूमीची मांडणी साधी होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पुण्यात प्रयोग झाला आणि नाटक हे सुशिक्षित घरांचेही वेड बनले. विसावे शतक उजाडेपर्यंत नाटक कंपन्या म्हणजे चालती-फिरती संस्थाने झाली होती. नट, गवई, तबलजी, सारंगिये, आचारी, पेट्या, पोशाख आणि पडद्यांच्या गुंडाळ्या असा सगळा संसार घेऊन कंपनी गावोगाव मुक्काम टाकी. जेवणे उरकून लोक थिएटरात येत, पदांना ‘वन्स मोअर’ पडत आणि नाटक उत्तररात्रीपर्यंत लांबे.

कंपन्यांची संख्या वाढली तशी चढाओढही वाढली. किर्लोस्कर मंडळी होतीच. कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श काढली, तर १९१३ मध्ये बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी निघाली. गाण्यात एकमेकांवर मात करणे अवघड होई. डोळे दिपवण्यात मात्र पैसा ओतता येई. हा धडा मुंबईच्या पारशी कंपन्यांनी घालून दिला होता. राजवाडे, बागा, समुद्र, आकाशातून उतरणाऱ्या अप्सरा अशी दृश्ये त्यांनी रंगवलेल्या पडद्यांच्या आणि यांत्रिक करामतींच्या जोरावर लोकप्रिय केली होती. मराठी कंपन्यांनाही आता चांगला पडदा लागे, आणि चांगला पडदा रंगवणारा माणूसही.

साधारण १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतात या कामासाठी आनंदराव आणि बाबूराव यांची जोडी सर्वांत वर होती. संगीत नाटक मंडळ्यांसाठी त्यांनी पडदे केलेच, मुंबईच्या गुजराती आणि पारशी कंपन्यांसाठीही केले. कोल्हापूरच्या दोन स्वयंशिक्षित कारागिरांकडे मुंबईचे व्यावसायिक काम चालून येई, यातच त्यांच्या हाताची ख्याती कळते.

पडदा कसा उभा राही

रंगभूमीचा पडदा ही भिंतीवर टांगायच्या तसबिरीहून फार वेगळी वस्तू आहे. कापडाचे पट्टे शिवून पुरेशी रुंदी साधायची, कापड ताणायचे, त्यावर अस्तराचा थर द्यायचा आणि मग सरसात कालवलेले कोरडे रंग मोठ्या कुंचल्यांनी फिरवायचे. तेलरंग चकाकतो आणि जड होतो. पडदा मात्र रोज गुंडाळायचा, उलगडायचा, गाडीत घालायचा. रंग मंद, हलका आणि लवचीक असावा लागे. रंगवणारा कापडावर उभा राहून काम करी, त्यामुळे चित्र पुरते कसे दिसते हे त्याला लांब जाऊन, उंचावर चढूनच कळे.

प्रत्येक कंपनीजवळ ठरलेले पडदे असत. दर्शनी पडदा, दरबाराचा, महालाचा, रस्त्याचा, बागेचा, जंगलाचा. त्यांना जोडून दोन्ही अंगांना विंगा आणि वर झालरी. रस्त्याचा पडदा म्हणजे चित्रकाराची खरी कसोटी. दोन्ही बाजूंच्या हवेल्या मागे मागे लहान होत एका बिंदूत मिळायच्या आणि सपाट कापडावर अर्ध्या मैलाची खोली दिसायची. प्रेक्षक मात्र एका जागी बसलेला नसे. कोणी पुढे, कोणी मागे, कोणी कडेला. सर्वांना ती खोली कमी-अधिक पटली पाहिजे.

प्रकाश हा दुसरा पेच. पडदा रंगवायचा दिवसा आणि दिसायचा रात्री. गॅसच्या बत्तीचा उजेड एका रंगाला उठाव देतो आणि दुसऱ्याला मारतो. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले दिवे खालून वर प्रकाश टाकतात, म्हणजे नैसर्गिक सावलीच्या उलट. सकाळी सुंदर वाटलेले आकाश रात्री मळकट दिसले, तर चूक रंगाची नसे, चित्रकाराच्या अंदाजाची असे. रात्रीच्या उजेडात काय दिसेल हे दिवसा ओळखणे या धंद्यात पोटापाण्याचे कौशल्य होते. पुढे कॅमेऱ्यामागे उभे राहिल्यावर तेच सर्वांत जास्त उपयोगी पडले.

एक दोष मात्र कितीही कौशल्याने जात नसे. रंगवलेल्या रस्त्याच्या टोकाशी नट गेला की तो दुमजली घराएवढा दिसे. खोली खोटी आहे हे नटाचे शरीरच उघड करी. म्हणून नटांना पडद्यापासून अंतर राखून वावरावे लागे. चित्राच्या आत माणूस शिरू शकत नव्हता.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये

रात्रीच्या करमणुकीने चित्रकाराला ओढून घेण्याचा प्रकार एकट्या महाराष्ट्रात घडत नव्हता. त्याचे जगभर गाजलेले उदाहरण पॅरिसचे आहे. आन्री द तुलूज-लोत्रेक हा २४ नोव्हेंबर १८६४ रोजी आल्बी इथे एका जुन्या सरदार घराण्यात जन्मलेला मुलगा. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याची दोन्ही मांड्यांची हाडे मोडली आणि पायांची वाढ कायमची खुंटली. घोडेस्वारी आणि शिकारीच्या घरात त्याला कागद-पेन्सिलीचा आधार मिळाला. १८८२ मध्ये तो पॅरिसला आला आणि माँमार्त्र या टेकडीवरच्या वस्तीत रमला. तिथले नाचघर, गाण्याच्या खानावळी, सर्कस आणि कुंटणखाने हेच त्याचे विषय झाले.

१८८९ मध्ये मुलँ रूज हे नाचघर उघडले. दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, त्याच्या जाहिरातीचे काम लोत्रेककडे आले. त्या पोस्टरात मधोमध ला गूल्यू ही नर्तकी पाय उडवत गिरकी घेते आहे. तिचा पांढरा घागरा हाच चित्रातला सर्वांत उजळ भाग. पुढे, प्रेक्षकाच्या अगदी जवळ, तिच्या जोडीदाराची करडी, किडकिडीत आकृती. मागे प्रेक्षकांची रांग म्हणजे नुसती काळी सावली. दिव्यांच्या जागी पिवळे गोळे. एवढ्यात रात्र, गर्दी आणि झगमगाट सगळे आले. दगडावर चरबीयुक्त शाईने चित्र काढून छापण्याच्या लिथोग्राफी तंत्रात मोजके रंगच वापरता येतात. ती मर्यादा त्याने शैली करून टाकली. फ्रान्समध्ये १८८१ च्या कायद्याने भिंतींवर जाहिराती लावण्याची मोकळीक झाली होती आणि ज्यूल शेरे याने रंगीत पोस्टरांची वाट पाडून ठेवली होती. लोत्रेकने पुढच्या दहा वर्षांत सुमारे तीस पोस्टरे केली आणि मद्यपानाने खचून ९ सप्टेंबर १९०१ रोजी, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो गेला.

मुलँ रूजचे ते पोस्टर पॅरिसच्या भिंतींवर लागले तेव्हा कोल्हापुरातले बाबूराव तान्हे होते. दोघांचा एकमेकांशी संबंध असल्याची कोणतीही खूण नाही. दोघांना घडवणारी परिस्थिती मात्र एकाच जातीची होती: वाढते शहर, तिकीट काढून येणारा प्रेक्षक, दिव्याचा उजेड आणि स्वस्त छपाई. छपाईचे तंत्रही महाराष्ट्रात पोचले होते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत रंगीत लिथोग्राफीचा छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. त्यातून निघालेल्या देवदेवतांच्या चित्रांनी घराघरांतल्या भिंती भरल्या आणि रंगीत चित्र ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली वस्तू झाली. लोत्रेक आणि मेस्त्री बंधू यांच्यात एक फरक मोठा आहे. लोत्रेक रात्र पाहत होता. टेबलाशी बसून तो नर्तकीचे थकलेले तोंड टिपी. मेस्त्री बंधू रात्र उभी करत होते. लोक जे पाहायला येत, तेच त्यांच्या हातचे असे.

हलत्या चित्राचा नाद

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. फाळकेही छपाई आणि छायाचित्रणाच्या धंद्यातूनच आले होते. हा चित्रपट पाहून आनंदराव आणि बाबूराव भारावले. पडदे रंगवणाऱ्याला त्यात जे दिसले ते इतर प्रेक्षकांना दिसले नसेल: माणूस चित्राच्या आत चालत जात होता आणि खोली मोडत नव्हती.

दोघांनी आधी चित्रपट दाखवण्याचा धंदा करून पाहिला आणि त्याच वेळी स्वतःचा कॅमेरा जुळवण्याची खटपट सुरू केली. परदेशी कॅमेरा महाग होता, पण ऐरण आणि रंधा घरचे होते. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही दोन यंत्रे मुळात भावंडेच. दोन्हींत फिल्म क्षणभर थांबते, उजेड पडतो, झडप मिटते आणि फिल्म एक घर पुढे सरकते. एकात उजेड बाहेर जातो, दुसऱ्यात आत येतो. ही थांबत थांबत सरकण्याची क्रिया बिनचूक साधली तरच चित्र स्थिर येते, नाहीतर थरथरते. हीच खटपट चालू असताना १९१६ मध्ये आनंदराव वारले. जोडीतला मोठा भाऊ आणि यंत्राचे स्वप्न पाहणारा माणूस एकदमच गेला.

बाबूरावांनी काम सोडले नाही. पडद्यांच्या कामात उमेदवारी करायला आलेले विष्णुपंत दामले आता त्यांचा उजवा हात होते. या दोघांनी मिळून १९१८ मध्ये चालता कॅमेरा उभा केला. त्याआधीच, १ डिसेंबर १९१७ रोजी, महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली होती. भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले आणि शाहू महाराजांचा पाठिंबा मिळाला. बँकेने ज्या धंद्याला उभे केले नसते, त्याला एका गाणाऱ्या बाईने आणि एका संस्थानिकाने उभे केले, हे त्या काळच्या कलाव्यवहाराचे नेमके चित्र आहे. दामल्यांच्या जोडीला फत्तेलाल होते; तेही पडद्यांच्याच कामातून आलेले. म्हणजे कंपनीचा गाभा नटांचा किंवा व्यापाऱ्यांचा नव्हता, रंगाऱ्यांचा होता.

‘सैरंध्री’

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. कथा महाभारतातल्या विराटपर्वाची, म्हणजे कीचकवधाची. मराठी प्रेक्षकाला ती नाटकातून माहीत होती, आणि परस्त्रीवर हात टाकणाऱ्या सत्ताधीशाचा वध या विषयाला राजकीय धारही होती. स्त्रीभूमिका पुरुषांनीच करायच्या हा नाटकातला रिवाज बाजूला ठेवून बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रियांना कॅमेऱ्यासमोर उभे केले. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली. कॅमेऱ्याच्या जवळून घेतलेल्या दृश्यात पुरुषाचे स्त्रीरूप टिकत नाही, हे चित्रकाराच्या नजरेने आधीच ओळखले असावे.

याहून मोठा बदल दृश्याच्या मांडणीत होता. वर्षानुवर्षे पडदे रंगवून नाव कमावलेल्या माणसाने आपल्या चित्रपटात रंगवलेल्या पडद्यांवर भिस्त ठेवली नाही. खांब, कमानी, पायऱ्या यांचे भरीव देखावे उभारून त्यांत पात्रांना वावरू दिले. जुन्या रस्त्याच्या पडद्याचा दोष इथे सुटला. नट खांबामागे जाऊ शकत होता, पायरीवर बसू शकत होता, लांब गेला की लहान दिसत होता. पोशाख, दागिने, पात्रांची ठेवण आणि हालचाली यांची रेखाचित्रे बाबूराव आधी काढत आणि मग चित्रीकरण करत. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल वस्त्र काळे दिसे आणि निळे आकाश पांढरेफटक. कोणत्या रंगाची कोणती करडी छटा होईल हे ओळखणे म्हणजे जुनाच धंदा, नवे गणित. दिवसाचा रंग रात्री कसा दिसेल हे ओळखलेल्या डोळ्याला ते परके नव्हते.

७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात ‘सैरंध्री’ लागला. भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतके खरे वाटले की त्याला सेन्सॉरची कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी आणि सुवर्णपदक दिले. टिळक त्याच वर्षी १ ऑगस्टला वारले, त्यामुळे ही शाबासकी कोल्हापूरकरांच्या आठवणीत अधिकच मोलाची ठरली.

दिव्यांचा उजेड आणि भिंतीवरची जाहिरात

पुढची पाच वर्षे कंपनीच्या भरभराटीची होती. १९२१ मध्ये ‘सुरेखाहरण’ आला. त्यात श्रीकृष्णाची भूमिका करणारा तरुण म्हणजे व्ही. शांताराम, नुकताच कंपनीत पडेल ते काम करायला आला होता. १९२३ मध्ये ‘सिंहगड’ आला, हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला.

‘सिंहगड’पर्यंत चित्रीकरण म्हणजे उन्हाचा खेळ होता. उघड्यावर देखावा लावायचा, वर पांढरे कापड ताणून ऊन मऊ करायचे आणि ढग आला की थांबायचे. तानाजी मालुसऱ्यांची मोहीम मात्र रात्रीची. काळोखात कडा चढणारे मावळे भर दुपारी दाखवून कसे चालेल? बाबूरावांनी या चित्रपटासाठी विजेच्या दिव्यांचा वापर केला. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाच्या वापराची सुरुवात म्हणून ‘सिंहगड’चे नाव घेतले जाते. गॅसबत्तीच्या उजेडासाठी पडदे रंगवणारा चित्रकार आता खुद्द उजेडानेच चित्र काढू लागला होता. चित्रपटाला तुडुंब गर्दी झाली. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा त्याच वर्षी, १९२३ मध्ये, आला आणि त्या कराच्या हकिकतीत ‘सिंहगड’च्या गर्दीचा उल्लेख हमखास येतो. रात्रीची करमणूक सरकारच्या डोळ्यांत भरण्याइतकी मोठी झाली होती.

चित्रपटाची जाहिरात तोवर बहुतेक अक्षरांवर चाले: हस्तपत्रके, वर्तमानपत्रातल्या चौकटी, बँड लावून फिरवलेली गाडी. बाबूरावांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवायला घेतली. १९२३ च्या ‘वत्सलाहरण’साठी त्यांनी चित्रमय पोस्टर केल्याची नोंद आढळते. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे भारतातले शाबूत राहिलेले सर्वांत जुने चित्रपट-पोस्टर मानले जाते. याच चित्रपटाला इंग्लंडमधल्या वेम्ब्लीच्या प्रदर्शनात पदक मिळाले. चित्रपटाची कथा आणि छायाचित्रे असलेल्या माहितीपुस्तिका प्रेक्षकांना देण्याची पद्धतही बाबूरावांनीच पाडली.

पोस्टराचे आणि पडद्याचे नियम उलटे. पडद्यासमोर प्रेक्षक तासन्‌तास बसतो, पोस्टरासमोरून तो चालता चालता जातो. पडद्यात खोली लागते, पोस्टरात ठळकपणा. पडद्यावर माणूस नसतो, तो पुढे येऊन उभा राहतो. पोस्टरात माणसाशिवाय दुसरे काही लागतच नाही. मूकपटांच्या दिवसांत, ज्याला अक्षर वाचता येत नाही अशा गिऱ्हाइकाला थिएटरकडे वळवायचे काम चित्रावर होते. लोत्रेकने मुलँ रूजसाठी जे केले, ते इथे चित्रपट काढणारा स्वतःच आपल्या चित्रपटासाठी करत होता.

‘सावकारी पाश’ आणि फाटाफूट

१९२५ मध्ये बाबूरावांनी वाट बदलली. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा ‘सावकारी पाश’ हा देवांचा नव्हता, मावळ्यांचाही नव्हता. कर्जापायी जमीन गमावून शहराकडे ढकलल्या जाणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट होती. शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली. भारतीय चित्रपटातल्या सामाजिक वास्तववादाची सुरुवात अनेक अभ्यासक इथून धरतात. तिकीटबारीवर मात्र पौराणिक-ऐतिहासिक चित्रपटांसारखा प्रतिसाद मिळाला नाही. रात्री दोन घटका विसरायला आलेल्या प्रेक्षकाला दिवसाची काळजी पडद्यावर पाहायची नव्हती.

यानंतर कंपनीची घडी विसकटत गेली. बाबूराव चित्रकाराच्या चालीने काम करत; मनासारखे होईपर्यंत थांबत. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे आता स्वतंत्रपणे उभी राहण्याच्या तोडीची झाली होती. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलाच्या साथीने १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी निघाली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि चित्रपट बोलू लागला. डोळ्यांवर विसंबून उभी राहिलेली महाराष्ट्र फिल्म कंपनी या वळणावर टिकली नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली.

बाबूरावांचा हात मात्र थांबला नाही. कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी १९३५ मध्ये ‘उषा’ आणि १९३७ मध्ये ‘प्रतिभा’ केला. मधल्या काळात ‘सावकारी पाश’चा बोलपटही काढला. चित्रे आणि शिल्पे चालू होतीच. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला शिवाजी महाराजांचा १९४५ सालचा अर्धपुतळा त्यांच्याच हातचा. १९४७ मध्ये शांतारामांच्या राजकमल कंपनीचा ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. त्याचे दिग्दर्शन बाबूरावांनी सुरू केले आणि एकेकाळच्या शिष्याने, शांतारामांनी, ते पुरे केले. ढोलकी, लावणी आणि फडाचे जग पडद्यावर आणणाऱ्या या चित्रपटाने मराठीत तमाशापटांची लाट आणली. नाटकाच्या रात्रीपासून सुरू झालेले बाबूरावांचे काम उतारवयात तमाशाच्या रात्रीपाशी आले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

मागे काय उरले

परिणाम मोजायला गेले तर पहिला माणसांचा आहे. पडद्यांच्या कामात तयार झालेल्या दामले-फत्तेलाल यांनी १९३६ मध्ये प्रभातसाठी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या प्रभातच्या जागेतच १९६० मध्ये सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. प्रभातच्या चित्रपटांतले देखावे, पोशाख आणि प्रकाशयोजना आजही लक्षात राहतात, कारण ती जुळवणारी माणसे आधी रंगारी होती आणि मग तंत्रज्ञ.

दुसरा परिणाम भिंतींवरचा. चित्रपटाचे पोस्टर रंगवणे हा स्वतंत्र धंदा बनला. कोल्हापूरचेच जी. कांबळे यांनी ‘मुघल-ए-आझम’ची पोस्टरे केली. एम. एफ. हुसेन यांचीही तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून गुजराण होत होती. जे. जे.तली चित्रकला आणि रस्त्यावरची चित्रकला यांच्यातली भिंत या धंद्याने बरीच पाडली, तरी मान मात्र पहिलीलाच राहिला. लोत्रेकच्या पोस्टरांना संग्रहालय मिळाले. आल्बीत १९२२ पासून त्याच्या नावाचे दालन उभे आहे. कोल्हापूरच्या पडद्यांना तसे काही मिळाले नाही.

त्याचे कारण त्या कामाच्या स्वभावातच होते. पडदा गुंडाळून उलगडून विरतो, कंपनी मोडली की लिलावात जातो किंवा उंदरांच्या तोंडी. पोस्टरावर पुढच्या आठवड्यात दुसरे पोस्टर चिकटते. मूकपटांची फिल्म नायट्रेटची. ती सहज पेट घेते, नाहीतर आपोआप सडते. मुका ‘सावकारी पाश’ आज पाहायला मिळत नाही, ‘सैरंध्री’ही नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांपैकी हाती आहेत ते थोडे तुकडे. ज्या पॅलेस थिएटरने त्या काळच्या नाटकांच्या रात्री पाहिल्या, ते केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत सापडले.

जे उरले आहे त्यात कोल्हापूरच्या खरी कॉर्नरचे कॅमेऱ्याचे स्मारक आहे. दरवर्षी १ डिसेंबरला, कंपनीच्या स्थापनादिनी, तिथे कॅमेऱ्याला मानवंदना दिली जाते. मराठीत नाटकाचाही पडदा आणि सिनेमाचाही पडदाच. इंग्रजीसारखे दोन वेगळे शब्द भाषेने केले नाहीत. कोल्हापुरात त्याची गरजही पडली नसती, कारण तिथे एका पडद्याकडून दुसऱ्या पडद्याकडे गेलेली माणसे तीच होती.